दोरू सरांना दिलेला नारळ

मी दोरू सरांचा डावा बूट बोलतोय. देगलूरच्या रस्त्यावर धावणाऱ्या जीपमध्ये, करिश्माच्या मांडीवर बसून बोलतोय. उजवा भाऊ शेजारीच आहे, पण तो काही बोलायचा नाही. सर डाव्या पायाचे खेळाडू, त्यामुळे गोल मी मारायचे आणि त्याने नुसता टेकू द्यायचा. जीभ आम्हा दोघांनाही आहे. आज सकाळी मात्र ती असून काही उपयोग झाला नाही, आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म रुमानियातला. डॅन्यूब नदीकाठच्या एका गावात एका म्हाताऱ्या कारागिराने मला हाताने शिवलं. दोरू तेव्हा ऐन विशीतला, आणि पाय असा की चेंडू त्याला सोडून जायला तयार नसे. माझा तळ झिजला की नवा लावायचा, पण मला टाकायचा नाही. लोक त्याच्या नावाची गाणी म्हणायचे. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग एका सामन्यात त्याचा गुडघा मोडला. पायाखालची जमीन सरकली असं माणसं म्हणतात. मी तर पायाखालीच होतो, मला ती सगळ्यात आधी सरकताना कळली.

खेळ सुटला तसा तो प्रशिक्षक झाला. जन्मात कोणाला पास न देणारा माणूस दिवसभर "पास द्या, पास द्या" ओरडताना ऐकून मी गारच पडलो. शिकवायचा चांगला, पण नशीब खोटं. क्लब बदलले, देश बदलले. नव्या ठिकाणी गेला की आधी भिंतीत खिळा ठोकून आम्हाला टांगायचा. काढून टाकलं की कधी भांडला नाही. आम्हाला खिळ्यावरून उतरवायचा, बॅगेत घालायचा आणि चालू लागायचा. पायीची वहाण पायी बरी म्हणतात, माझी मात्र अर्धी उमर खिळ्यावर गेली.

शेवटचा खिळा नांदेडचा. हैदराबादेतलं काम सुटलं तेव्हा इथल्या मुलींच्या क्लबाचे सेक्रेटरी वैजनाथराव सरांना घेऊन आले. गळ्यात हार घातला, हातात अर्धापूरच्या केळ्यांचा घड दिला. भाषेची पहिल्या दिवसापासून गंमत. रुमानियात पाण्याला 'अपा' म्हणतात. सर तहानेने "अपा, अपा" म्हणाले की मैदान झाडणारे लक्ष्मणराव धावत यायचे, कारण त्यांना सगळे अप्पा म्हणतात. शेवटी अप्पा येतानाच पाण्याचा तांब्या आणू लागले. दोघांनाही आपलं बरोबर आहे असंच वाटायचं.

करिश्मा अर्धापूरची. तिचा डावा पाय सरांनी घडवला. ती चेंडू मारायची तेव्हा खिळ्यावर माझ्या नाड्या हलायच्या.

लातूरच्या संघाशी फायनल ठरली, आणि वैजनाथराव ड्रेसिंगरूमच्या दारात कोणाला तरी म्हणाले, "हरलो तर सरला नारळ द्यावा लागतंय बगा. कमिटी लई तापून हाय."

सरांनी तो एक शब्द बरोबर उचलला. करिश्माला विचारलं, "नारळ तर फळ. मला कशाला?"

करिश्मा घुटमळली. तिला खोटं बोलता येत नाही. "नारळ दिला म्हंजे काम संपलं, सर. घरी जायचं."

सर हसले. मग बुटाला पॉलिश करावं तसा तो शब्द कितीदा तरी तोंडात घोळवत राहिले.

काल फायनल झाली आणि पोरी हरल्या. पण अशा खेळल्या की लातूरकरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कमिटीचा राग तिथेच विरघळला. असा माणूस सोडायचा नाही असं ठरलं, आणि ते सरांना सांगायचं काम वैजनाथरावांकडे आलं.

आज सकाळी ते ड्रेसिंगरूममध्ये आले. सर एकटेच होते. वैजनाथरावांचं इंग्रजी बेताचं. त्यांनी सरांच्या खांद्यावर शाल घातली, हातावर नारळ ठेवला आणि कसंबसं म्हणाले, "सर, हा नारळ. कमिटीकडून." मग डोळे पुसत पेढे आणायला निघून गेले.

सर नारळाकडे बघत राहिले. मग आमच्या भाषेत मला म्हणाले, "इथले लोक चांगले. काढतानासुद्धा शाल देतात."

मी ओरडलो. पण जीभ असून आवाज फुटला नाही.

त्यांनी शाल, नारळ आणि क्लबचा फोन टेबलावर ठेवला, खोलीची किल्ली ठेवली. हात खिळ्याकडे आला. मला वाटलं, चला, पुन्हा बॅग. पण त्यांनी माझ्यावरून नुसता हात फिरवला आणि मला तिथेच ठेवून ते लंगडत निघून गेले. म्हणजे हा माणूस नांदेड नव्हे, फुटबॉलच सोडून चालला होता.

थोड्या वेळाने करिश्मा आली. मागोमाग पेढे घेऊन वैजनाथराव.

"सर कुठं हायत, काका?"

"आत्ता तर इथं सत्कार केला मी. शाल दिली, नारळ दिला."

करिश्माची नजर टेबलावरच्या फोन-किल्लीकडे गेली. "देताना काय म्हणलात?"

"नारळच म्हणलो. नारळाला नारळ न्हाई तर काय म्हणू?"

"श्रीफळ म्हणायचं व्हतं, काका. सत्काराचं ते श्रीफळ. न कळलेला शब्द त्यांनी इचारला असता. ह्यो त्यांना कळत व्हता."

वैजनाथराव पेढ्यांचा डबा टाकून दाराकडे धावले. अप्पा धापा टाकत आले. "सर हैदराबादच्या गाडीत बसले. मला वाकून नमस्कार केला. कामून केला, मला काय उमगलंच न्हाई."

तेव्हापासून ही जीप पळते आहे. वैजनाथराव गाडी हाकतात आणि मधेच कपाळावर हात मारतात. नारळ शालीत गुंडाळून मागे अप्पांच्या मांडीवर आहे. हरलो तर म्हणून सरांनी आधीच काढून ठेवलेलं विमानाचं तिकीट आज संध्याकाळचं आहे. आम्ही पोचू की नाही, मला ठाऊक नाही.

तुमच्यापैकी कोणी आज हैदराबादच्या विमानतळावर असेल तर एवढं करा. उजव्या पायाने लंगडणारा, पिकल्या मिशांचा एक गोरा माणूस दिसेल. त्याला थांबवा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. त्याला सांगा, तो नारळ नव्हता, श्रीफळ होतं.