पायाळू बहिणीचा पाय

मित्रांनो, हसू नका, पण आटगावजवळच्या एका ओटीवर भिंतीला टेकून उभा असलेला मी एक जुना सर्फबोर्ड आहे. इथून समुद्र दिसत नाही. समोर भाताची खाचरं, आणि माझ्या सावलीला कोंबड्या. घरातले मला फळी म्हणतात. आधी राग यायचा, आता सवय झाली.

माझा जन्म कारखान्यातला. आत फोम, वरून निळं मऊ आवरण, नवशिक्यांना लागू नये म्हणून. कोकणातल्या एका किनाऱ्यावर पंकज सर्फिंग शिकवायचा. त्याच्याकडे मी सहा वर्षं काढली. किती जण माझ्यावरून धपाधप पाण्यात पडले! पण एखादा पहिल्यांदा उभा राहिला की त्याचे ते ओले तळवे... अहाहा, त्यासाठीच तर मी जगायचो.

मग एके दिवशी संदेश आला. सोबत त्याची थोरली बहीण अक्षदा. संदेश माझ्यावर पालथा पडला आणि छाती वर उचलून, मान ताणून लाटेची वाट बघत राहिला. तास झाला. त्याची चुळबुळ सुरू झाली. काही दुखलं तर लगेच मला सांगा, असं पंकजने बजावलं होतं. पण हा भातलावणीतला गडी. खाचर पुरं झाल्याशिवाय कंबर सरळ करायची नाही, अशा घरात वाढलेला. कंबरदुखी त्याच्या लेखी दुखणंच नव्हतं.

शेवटी तो वाळूवर आला, पण पंकजकडे गेलाच नाही. अक्षदाला म्हणाला, "काय नाय गो, उसण भरलीय. पाय लाव."

अक्षदा पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीला तीनदा पाय लावला की उसण जाते, असं त्यांच्याकडे मानतात. म्हशाच्या जत्रेतसुद्धा ओळखीचे लोक तिला गाठून पाठ पुढे करायचे. तिने हसत पाय लावला. तोही हसला, आणि परत येऊन माझ्यावर तसाच पालथा पडला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. थोड्या वेळाने त्याचे पाय जड झाले. उभं राहायला गेला आणि गुडघाभर पाण्यात बसला तो बसलाच.

पंकजने त्याला तडक रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, असं क्वचितच होतं, पण होतं. नवशिका बराच वेळ पाठ मागे ताणून पडून राहतो आणि कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त पोचत नाही. त्यासाठी कुठे आपटावंही लागत नाही.

फळी घरी आणा, तिच्यावर एकदा उभा राहणारच, असा संदेशने हट्ट धरला. म्हणून मी इथे आहे. त्याला दीड वर्ष झालं. तो वॉकर धरून चार पावलं टाकतो, तीही पायांकडे बघत, कारण पायांना काही कळत नाही. अक्षदा आता कुणाच्या पाठीला पाय लावत नाही. कुणी आलंच तर डॉक्टरकडे धाडते. मीच त्याला परत पाण्यात पाठवला, असं तिचं आईला शंभरदा सांगून झालंय.

रोज संध्याकाळी संदेश खाटेवर डोळे मिटून पडतो. अक्षदा मोरीवर पाय धुऊन येते, ओला पाय त्याच्या पायावर ठेवते आणि विचारते, "कळतंय का रे?" तो "नाय" म्हणतो. ती चुलीकडे जाते.

काल मात्र तो म्हणाला, "कळला गो. गार हाय."

तिचा पाय तेव्हा अजून हवेतच होता. तिने पाय हळूच टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मित्रांनो, पाठ दुखली तर तेव्हाच उठा, तेव्हाच सांगा. त्या दिवशी दुखत असून हा पोरगा काय नाय म्हणाला. आता काही कळत नसून कळलं म्हणतोय.