कोण लागतात तुमचे?

"मोबाइल बंद करा, बाबा. नुसता आवाज कमी नका करू, बंदच करा," बुद्धविहाराच्या पायरीवर लेक हळू आवाजात बजावत होती. "बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. भिक्खू समोर आले की हात जोडायचे. पाठीवर थाप मारायची नाही, डोक्याला तर हात लावायचाच नाही."

"माझ्याच पोराच्या?"

"इथे तो तुमचा पोरगा नाही. भन्ते म्हणायचं. अहोजाहो करायचं."

"बस चालवायला एवढे नियम नव्हते," ड्रायव्हर पुटपुटला.

एकतीस वर्षं बस चालवून तो गेल्या साली निवृत्त झाला होता. मुलगा घर सोडून भिक्खू झाला त्याला सात वर्षं झाली. त्या दिवशी ड्रायव्हर तावातावाने म्हणाला होता, "मला मुलगा नव्हताच असं समजेन." घरात हे चाललं, पण डेपोत काय सांगणार? त्याने ठोकून दिलं, पोरगा परदेशी गेला, मोठ्या कंपनीत लागला. एक थाप पचली की दुसरी मारावी लागते. होता होता त्याने पोराला दोनदा बढती दिली, घर घेऊन दिलं, लग्नसुद्धा ठरवत आणलं. बायको मात्र गुपचूप इथे येऊन मुलाला बघून जायची. ती गेली त्याला आज वर्ष झालं. तिच्या नावाने दान द्यायचं म्हणून लेकीने त्याला अक्षरशः ओढून आणलं होतं.

आत सगळे जमिनीवर मांडी घालून बसले होते. ड्रायव्हरचा डावा गुडघा क्लच दाबून दाबून कामातून गेलेला. तो कसाबसा बसला, तर पाय सरळ मूर्तीकडे. वळून बसला, तर तो शेजारच्या बाईंच्या पाठीला लागला. माणसं वळून बघायला लागली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ड्रायव्हरसाहेब! तुम्ही इथे?"

मागे मास्तर होते, त्याच्याच गाडीवर चौदा वर्षं तिकिटं फाडलेले कंडक्टर. त्यांची बायको इथे नेहमी यायची. आज तिने त्यांनाही आणलं होतं. ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात एक तरुण भिक्खू खुर्ची घेऊन आला. सडपातळ, डोकं मुंडलेलं, कान थेट आईचे. खुर्ची डुगडुगत नाही ना ते त्याने दाबून पाहिलं.

"गुडघा वाकत नसेल तर खुर्चीवर बसायला हरकत नाही," तो म्हणाला. सात वर्षांनी तो आवाज कानावर पडत होता.

"ओळखीचे दिसतात," मास्तर पुढे वाकून कुजबुजले. "कोण लागतात तुमचे?"

"छे, कोणी नाही. हिच्या आईच्या ओळखीतले."

शब्द तोंडातून गेले. लेकीने मान फिरवली. मुलाने ऐकलं होतं, यात शंकाच नव्हती. पण चेहऱ्यावर काही न दाखवता तो भिक्खूंच्या रांगेत जाऊन बसला.

"आणि चिरंजीव काय म्हणतात? यंदा तरी येणार का परदेशातून?" मास्तरांनी आपुलकीने विचारलं.

ड्रायव्हर खुर्चीवर बसून गुडघा चोळू लागला. त्याचे कान तापले होते. बायको किती वेळा या फरशीवर बसली असेल, आणि घरी येऊन "भाजी आणायला गेले होते" म्हणाली असेल? खोटं बोलायला तिलाही आपणच लावलं.

मोठ्या भिक्खूंनी दान देणाऱ्यांना पुढे बोलावलं. लेकीने घडी घातलेलं वस्त्र त्याच्या हातात दिलं. "दोन्ही हातांनी द्या. आणि बोलायचं नाही."

वस्त्र घ्यायला मुलगाच समोर होता. ड्रायव्हर खाली बसू लागला. गुडघ्यातून कळ गेली, पण त्याने तो टेकवलाच. वस्त्र दोन्ही हातांनी पुढे केलं. मुलाने घेतलं. एवढ्यावर उठायचं होतं.

"मास्तर," ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला. इंजिनाच्या घरघरीतही ऐकू जाईल असं बोलायची सवय असलेला आवाज तो, सगळ्या दालनात घुमला. "परदेशात कोणी नाही. मी थापा मारल्या. हे... हे भन्ते..." अहोजाहो करायचं होतं, पण जीभ अडखळत होती. "हे माझा मुलगा आहेत."

कोणी हसलं नाही. कोणी गप्प बसा असंही म्हणालं नाही.

मुलाने वस्त्र मांडीवर ठेवलं आणि दान घेणाऱ्याने म्हणायचा आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ नीट झाली. दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज फाटला आणि थांबला. शेजारच्या भिक्खूंनी आशीर्वाद तिथूनच पुढे उचलला. ड्रायव्हर खाली मान घालून तसाच बसून राहिला, आणि आशीर्वाद संपेपर्यंत मुलाचे नुसते ओठ हलत राहिले.