अकरा माथे

मुलीच्या प्रकल्पावर परीक्षकांनी लाल शाईने शेरा मारला होता : "मूळ नोंदी सदोष." मूळ नोंदी माझ्या बायकोच्या होत्या. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

ती बंदराच्या कचेरीत लाटा मोजायची. एकोणीस वर्षं, दिवसातून तीनदा, धक्क्याच्या टोकाला उभी राहून. समोर पाण्यात एक पिवळा बोया नांगरलेला. लाटेच्या माथ्यावर बोया चढला की घड्याळ सुरू करायचं आणि म्हणायचं, "एक." अकरावा माथा आला की बंद. जेवढे सेकंद भरतील त्यांना दहाने भागायचं, म्हणजे एका लाटेला लागणारा वेळ निघतो. अंगात ताप असतानाही ती गेलेली आहे. मी ओरडायचो, "तू नाही मोजल्यास तर काय लाटा थांबणार आहेत?" ती म्हणायची, "लाटा कशाला थांबतील? वहीतला रकाना रिकामा राहील."

तिच्या वह्यांच्या कार्बन प्रती घरी होत्या. दहावीतल्या पोरीने त्या काढल्या आणि त्यावरच प्रकल्प केला. मला तिने समजावलं ते असं : दूर समुद्रात वादळ झालं की लहानमोठ्या सगळ्या लाटा एकदमच निघतात, पण लांब लाटा जास्त वेगाने पळतात. त्या आधी पोचतात, आखूड मागून येतात. वहीत एके ठिकाणी लाटेचा वेळ दीड दिवसात वीस सेकंदांवरून चौदावर आला होता. त्यावरून तिने हिशेब मांडला, की वादळ साडेचार हजार किलोमीटरच्या पुढे झालं असणार. जुनी हवामानपत्रकं धुंडाळली. वादळ तिथेच होतं. पोर उठून नाचली. मी मात्र वही हातात धरून नुसता बसून राहिलो.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी पालकांना आत सोडलं. मी कामावरूनच गेलो, शर्टाला वेल्डिंगची भोकं तशीच. पोर टेबलामागे ओठ घट्ट मिटून उभी होती. तिने कागद पुढे केला. आईच्या पहिल्या नोंदीभोवती लाल गोल होता. अकरा माथे, दोनशे सेकंद, उत्तर वीस. बाजूला परीक्षकांनी लिहिलं होतं : अठरा पूर्णांक दोन.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. परीक्षक शिक्षकांच्या खोलीत चहा पीत होते. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात म्हणे. पोरीच्या वर्गशिक्षिकाही तिथेच होत्या.

"सर, हे काय लिहिलंत?"

"अहो, अकरा लाटा मोजल्या तर अकराने भागायचं. चौथीतलं गणित आहे. तुमच्या मिसेसनी आयुष्यभर दहाने भागलं. म्हणजे सगळंच चुकलं ना?"

"सर, मी रेलिंग बनवतो. अकरा गज उभे केले तर मधे फटी किती?"

"दहा. पण ते गजांचं झालं. हे भौतिकशास्त्र आहे."

"मग भौतिकशास्त्रात अकरावी फट कुठे बसवता तुम्ही?"

"बाबा," पोर मागून आली होती. "भांडू नका. सर, पाच मिनिटं येता का? तुम्ही माझी टाकी चालू असताना बघितलीच नाहीत."

आले. चहाचा कप हातात घेऊनच आले.

टाकी मी बनवली होती. अडीच मीटर लांब, काचेची, एका टोकाला हलणारी फळी. फळीला भंगारातली गाडीच्या वायपरची मोटर. सेकंदाला बरोबर एक फेरा. पाण्यावर एक बूच तरंगत होतं. पोरीने घड्याळ सरांच्या हातात दिलं.

"बूच वर आलं की 'एक' म्हणा आणि घड्याळ सुरू करा. अकरा म्हणालात की बंद."

त्यांनी मोजलं. आजूबाजूची मुलं जमली आणि त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजू लागली. अकरा.

"किती सेकंद, सर?"

"दहा."

"अकराने भागलं तर सेकंदापेक्षा कमी येतं. मोटर तर सेकंदाला एक फेरा घेते."

"आता मोटरलाही चौथीत बसवा," मी म्हणालो. पोरीने माझ्याकडे डोळे वटारले.

सरांनी घड्याळाकडे बघितलं, मग बुचाकडे. "हं. 'एक' म्हणतो तेव्हा एकही लाट पूर्ण गेलेली नसते. घाईत राहिलं ते. सकाळपासून चाळीस प्रकल्प बघतोय." पेन काढून शेऱ्यावर काट मारायला ते वाकले.

"नुसती काट नको, सर," पोर म्हणाली. "बघणाऱ्याला वाटेल मीच मारली. नोंदी बरोबर आहेत असं लिहा. खाली सही करा."

पंधरा वर्षांची पोर, आवाज जराही चढला नाही. सरांनी लिहिलं, सही केली, तारीख घातली. एकोणीस वर्षांचं काम एका फटकाऱ्यात खोटं ठरवताना मात्र या माणसाला पेन खाली ठेवून दोन श्वास घ्यावेसे वाटले नव्हते.

"निकाल मात्र वर गेलाय, तो बदलता येणार नाही," वर्गशिक्षिका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या. "पण आम्ही हिला उत्तेजनार्थ देऊ. आई नाही ना बिचारीला."

"बाई, आई गेली म्हणून काही देऊ नका. आईने मोजलं ते बरोबर निघालं म्हणून देणार असाल तर द्या, आणि तसं माइकवर सांगा."

माइकवर कुणी काही बोललं नाही. आपोआप उघडणाऱ्या फाटकाचा प्रकल्प पुढे गेला.

पोरीने सरांच्या सहीचा कागद वहीत नीट घातला आणि टाकीची नळी सोडली. "बाबा, आधी पाणी काढू. भरलेली उचलली तर काच जाईल."

मी नळीचं टोक खाली धरलं. बादली तिने धरली.