हमालांचा बाक

माझ्या सासूबाईंनी नोकरीची सगळी वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. धावत्या बसमध्ये उभं राहून राहून त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्यात. तरीही सुट्टीत हे जुनं शहर पायीच बघायचं, हा हट्ट त्यांचाच. "बसच्या काचेतून बघत मी काय कमी फिरलेय?" म्हणाल्या.

सासूबाई, माझा नवरा, आमची लेक आणि मी असे सकाळीच वेशीपासून निघालो. घंटाघर झालं, जुनी टांकसाळ झाली. रस्ते सगळे दगडी, उंचसखल. दुपारी सासूबाई एकदम गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की समजायचं, पायांनी मान टाकली.

"आई, टॅक्सी बघू का?" मी विचारलं.

"तू दमली असशील तर बघ."

आमचं हे असंच. सरळ उत्तर द्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं.

नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत तटाला लागून एक लांबलचक दगडी बाक होता. त्यावर पांढऱ्या गाद्या, समोर छोटी टेबलं आणि भोवती जाड दोर. समोरच्या हॉटेलानं गल्लीचा तेवढा तुकडा जणू घरात घेतला होता. बाकावर चिटपाखरू नव्हतं. सासूबाईंनी दोर उचलला, वाकून आत गेल्या आणि बसल्या. चपला काढून त्यांनी पाय लांब केले.

वेटर धावत आला. "आजी, ही जागा हॉटेलच्या पाहुण्यांसाठी आहे."

"बसू दे रे जरा. पाय ठणकायचे थांबले की उठते."

वेटर बिचारा घुटमळला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर गोड हसत म्हणाला, "आजी, इथे बसायचं तर ऑर्डर द्यावी लागते. नाहीतर खाली नदीवर बागेत बाकं आहेत."

"आई, चल ना," नवरा कुजबुजला. चारचौघांत आवाज चढला की त्याला घाम फुटतो. "उगाच तमाशा नको."

तेवढ्यात लेकीनं भिंतीवरची नगरपालिकेची पाटी मोठ्यानं वाचली. "नदीवरून धान्याची पोती वाहणाऱ्या हमालांना विसावा मिळावा म्हणून शहरानं बांधलेला बाक."

"ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या.

"तो इतिहास झाला, आजी. गाद्या आमच्या आहेत."

सासूबाई उठल्या. नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला. पण त्यांनी बुडाखालची गादी उचलली, झटकली, नीट घडी करून मॅनेजरच्या हातात दिली आणि उघड्या दगडावर पुन्हा बसल्या. "ही घ्या तुमची गादी. दगड शहराचा आहे."

मला हसू आवरेना. मॅनेजरचं हसू मात्र गेलं. "अशी माणसं येतात आणि जागेची कळा घालवतात," तो नवऱ्याला म्हणाला. "घेऊन जा यांना."

अशी माणसं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी आमचं पटत नाही, ते आमचं आम्ही बघू. मी दोराखालून आत शिरले, शेजारची गादी काढून त्याच्या हातातल्या गादीवर ठेवली आणि सासूबाईंना खेटून बसले. लेक तिसरी गादी घेऊन हजर. गाद्यांच्या ढिगामागे मॅनेजरचं तोंड दिसेनासं झालं.

"पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा," मी म्हटलं. "आम्ही कुठे पळतोय?"

हवालदार आला. त्यानं पाटी वाचली, दोर बघितला, सासूबाईंचे सुजलेले पाय बघितले. मॅनेजरशी त्याची चांगलीच ओळख दिसत होती, म्हणून तो आमच्याकडेच वळला. "ताई, कशाला वाद वाढवता? उठा ना."

"बाकावर बसणं गुन्हा आहे का?" मी विचारलं.

"तसं नाही..."

"मग दोर बांधणं आहे का, ते आधी सांगा."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. एव्हाना गल्लीतून जाणारी माणसं थांबली होती. भाजीच्या दोन जड पिशव्या घेतलेली एक बाई म्हणाली, "रोज इथून चढते मी. मला वाटायचं, बसायची परवानगीच नाही." ती आत येऊन बसली. मग एक म्हातारं जोडपं आलं. शेवटी, सगळीकडे बघून झाल्यावर, माझा नवराही. घामाघूम, पण बसला.

हवालदार मॅनेजरला म्हणाला, "दोर सोडा आता. एवढ्या लोकांना काय उचलून नेऊ?"

मॅनेजर पाय आपटत आत गेला. दोर वेटरनं सोडला, आणि सोडताना सासूबाईंना हळूच विचारलं, "पाणी आणू का, आजी?"

सासूबाई पाणी प्यायल्या. पाय ठणकायचे थांबेपर्यंत आरामात बसल्या आणि मग चपलांत पाय घातले. आमची जागा लगेच भरली.

नवरा म्हणाला, "आता तरी टॅक्सी?"

"अरे, वरचा बुरूज बघायचा राहिलाय ना!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. सासूबाईंनी माझ्याकडे चमकून बघितलं आणि चढावर चालायला लागल्या.