पूर्णवेळ विद्यार्थी

अमेरिकेतल्या या सरोवराकाठच्या गावात लायब्ररीच्या तळघरात फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत दर शनिवारी लोकांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात. ऐला सालमेला सकाळीच गेली, बुटांवरचा बर्फ झटकला, नंबर घेतला आणि माहितीचा कागद भरायला बसली. घरातल्या अवलंबित माणसांच्या रकान्यात एकच ओळ लिहायची होती. नाव, एइनो सालमेला. नातं, वडील. जन्म, १९५५. पुढे बारीकबारीक चौकोन होते. त्यातल्या 'पूर्णवेळ विद्यार्थी' या चौकोनात तिने जरा दाबूनच खूण केली.

टेबलापलीकडे हॉकन्सन बाई होत्या. उभा जन्म शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता हौसेने लोकांचे टॅक्स भरणाऱ्या. कागदावरून नजर फिरवता फिरवता त्यांनी लाल पेन उचललं.

"इथे चुकून खूण झालीय."

"चुकून नाही झालेली."

"अगं, विद्यार्थी म्हणजे कॉलेजात जाणारी पोरं. हे तुझे वडील ना?"

"हो. ते कॉलेजात जात होते. पहिलं वर्ष, इतिहास."

"होते म्हणजे? सोडलं?"

"नोव्हेंबरात वारले."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुझ्याबरोबर आले होते तेच? टोपी डोक्यावर ठेवून ताडकन उठून गेले ते?"

"तेच."

गेल्या वर्षी याच टेबलाशी बाईंनी साधा हिशेब सांगितला होता. साहेब, राहणं लेकीकडे, जेवण लेकीचं, औषधं लेकीची. तुम्हाला तिच्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवता येईल, म्हणजे तिचा टॅक्स कमी होईल. एइनोंनी शांतपणे ऐकून घेतलं होतं. "बाई," ते म्हणाले होते, "पन्नास वर्षं मी होड्या बांधल्या. माझ्या होडीत बसून या सरोवरात एक माणूस बुडाला नाही. आणि आता मी लेकीच्या खिशात बसू?" आणि चालते झाले. त्यांची पेन्शन अगदी तुटपुंजी होती, कारण निम्मी गिऱ्हाइकं मासळी देऊन नाहीतर सरपण देऊन होडी घेऊन जात, आणि मासळीची नोंद सरकारदरबारी होत नाही. ऐलाने त्या वर्षी त्यांचं नाव घातलं नाही. बाहेर येऊन बघते तर ते थंडगार गाडीत हीटर न लावता बसलेले.

आता उठून जायला ते नव्हते. नेमकी याचीच तिला धास्ती वाटत होती. जिवंतपणी जे त्यांनी धुडकावलं, ते माघारी त्यांच्या नावावर लिहायचं का?

बाईंनी जणू तेच विचारलं. "त्यांना चाललं असतं का गं? नियमात बसतं. पण तू ठरव."

ऐला म्हणाली, "सांगते."

हात थरथरायला लागल्यावर त्यांनी हत्यारं विकली आणि ते तिच्या माडीवरच्या खोलीत आले. हिवाळाभर नुसते वाचत बसत. सोळाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटलेली. ऐला आठवड्यातले पाच दिवस हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. घरी आली की जेवणाच्या टेबलावर ते तिला वाडवडिलांच्या फिनलंडमधल्या यादवी युद्धाबद्दल प्रश्न विचारत, आणि तिला उत्तरं येत नसत. शेवटी तिने युनिव्हर्सिटीचा अर्ज आणून पुढ्यात ठेवला.

"सत्तरीला काय शिकायचं? मरायचं कसं ते?"

"ते न शिकताच येतं सगळ्यांना, पपा. तू इतिहास घे."

ऑगस्टमध्ये नाव घालायला दोघं गेली. रांगेत सगळीकडे आया, बाप आणि फोनमध्ये डोकं घातलेली पोरं. खिडकीतल्या मुलीने विचारलं, फी कोण भरणार? आता हे टोपी चढवून चालते होणार, असंच ऐलाला वाटलं.

"पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला," ती बाईंना म्हणाली. "आणि रांगेच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, 'माझी लेक. ती शिकवतेय मला.' मागे एक गृहस्थ मुलाला घेऊन उभे होते. त्यांना म्हणाले, 'तुमचं पोर तुमच्या जिवावर शिकतंय, मी माझ्या पोरीच्या. बघू, आधी कोण नापास होतं!'"

हॉकन्सन बाई हसल्या, आणि मग चष्मा पुसत बसल्या.

"तुझ्या घरी किती महिने होते, ते राहिलंय लिहायचं."

"साडेदहा."

"बारा लिही. माणूस वर्षात गेला तरी वर्ष पूर्णच धरतात."

ऐलाने आकडा लिहिला. बारा. एवढंच लिहायला तिला वेळ लागला.

"आणि खरं सांगू का," बाई म्हणाल्या, "वडील अवलंबित ठरायला विद्यार्थी असावं लागत नाही. ही खूण खोडली तरी त्याने काही अडत नाही."

"मग राहू दे."

"राहू दे तर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लाल पेन खणात टाकलं.

इथे प्रत्येक रिटर्न दुसरा माणूस तपासतो. ट्वेट म्हणून एक उंच, खडूस गृहस्थ होते, जन्मभर बँकेत काढलेले. त्यांनी उभ्याउभ्याच मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच हॉकन्सन बाईंकडे बघून थांबले. "व्हर्ना, सत्तर वर्षांचा पूर्णवेळ विद्यार्थी? सकाळची कॉफी झाली नाही वाटतं तुझी अजून."

"मला काय विचारतोस?" बाई म्हणाल्या. "ती बसलीय समोर. तिला विचार."

ट्वेटनी चष्म्यावरून ऐलाकडे पाहिलं. "वडिलांच्या एकूण खर्चापैकी निम्म्याहून जास्त कोणी केला?"

"मी," ऐला म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान वळवून पाहिलं, इतक्या खणखणीत आवाजात.

"फी?"

"तीही मीच. पावती आहे."

ट्वेटनी पावती पाहिली, तारखा जुळवल्या, खाली सही केली. कागद परत देताना त्यांचा आवाज जरा उतरला. "मार्क कसे होते?"

"पहिल्या निबंधाला ब मिळाला होता," ऐला म्हणाली. "प्राध्यापकांशी तासभर भांडून त्यांनी तो ब-प्लस करून घेतला."