दूध देणारा मातीचा बैल

"बैलाला वासरू होत न्हाय म्हंजे न्हाय!" हरणाबाईनं खेळाच्या पाटावर हात आपटला, तसा मी जागच्या जागी उडालो.

"आन् दूध होतं व्हय?" सोनालीनं विचारलं. "काल तू ह्याच जोडीचं दूध काढून डाव जिंकलीस की आज्जे. तुझ्या गोठ्यात गाय, आन् माझ्या गोठ्यात आली की बैल?"

"कालचं काल गेलं."

भांडण माझ्यावरून चाललंय आणि मला कुणी विचारेना. म्हणून आता मीच बोलतो. मी एक मातीचं जनावर आहे. जनावर एवढं नक्की. त्याच्या पुढचं मला विचारू नका, कारण तेच तर मला कळत नाही.

माझा जन्म ढोकीजवळच्या एका वस्तीवरचा, दिवाळीच्या सुट्टीतला. हरणाबाईची नात सोनाली पुण्याहून एक मोठा खोका घेऊन आली. आत शेतीचा खेळ होता, परदेशात तयार झालेला. दर खेळगड्याला दोन खोल्यांचं घर आणि थोडी पडीक जमीन मिळते. ती नांगरायची, पेरायची, कुंपण घालायचं, जनावरं पाळायची. सुगी आली की घरच्यांना जेवू घालायचं. शेवटी ज्याचं शेत भरलेलं, तो जिंकला.

हरणाबाई बहात्तर वर्षांची. शाळेचं तोंड पाहिलं नाही. खताच्या पोत्यांवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून अक्षरं शिकली, आणि त्यानंतर कुणाचं ऐकायचं तिला कारणच उरलं नाही. तिनं खोक्यातली एक तपकिरी चकती उचलली.

"ह्ये काय म्हणायचं?"

"गुरं हायत ती, आज्जी."

"ह्येला तोंड कुठंय? शेपूट कुठंय? असल्या गुराला वैरण टाकायची तर कुठल्या बाजूनं?"

चकत्या परत खोक्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीकाठची काळी माती आली, चाळली गेली, राख मिसळून मळली गेली. शेजारच्या खातूनबीनं तुराट्या तोडून कुंपणाचे इवले खांब केले. पुठ्ठ्याच्या दाण्यांऐवजी खरे जोंधळे आले. आणि हरणाबाई गाय करायला बसली.

चूक तिथं झाली. साठ वर्षं पोळ्याला मातीची जोडी करायची त्या बोटांना सवय. डोक्यात गाय होती, पण बोटं आपल्या वळणानं गेली. उंच वशिंड आलं, जाड मान आली, पोटाखाली सड काही आले नाहीत. आणि एकावर हात थांबतोय कुठला? जोडीच व्हायची, तशी जोडी झाली. मी आणि माझा जोडीदार. चुलीच्या निखाऱ्यात भाजून निघालो आणि थेट खेळात गाय म्हणून कामाला लागलो.

खोक्यातल्या नियमांच्या पुस्तकात जनावर कापून चुलीवर चढवायची मुभा होती. तो दोघी म्हाताऱ्यांनी एका दमात खोडून टाकला. "मग घरच्यांना खायला काय घालायचं?" सोनालीनं विचारलं. "दूध काढा की," खातूनबी म्हणाली. तेव्हापासून माझं दूध निघतं. दर सुगीला दोन वाट्या. कुठून निघतं, मला माहीत नाही. मी आपला उभा असतो.

माणसांचा मला एक गुण कळलाय. स्वतःच्या फायद्याचा असला की त्याला ती नियम म्हणतात. दुसऱ्याच्या फायद्याचा निघाला की म्हणतात, "असं कुठं असतं का?"

आता आजचं ऐका. तीन दिवसांपूर्वी सोनालीनं जेवताना सांगून टाकलं, की बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी मी सोडली, मला विहिरीखालचं दोन एकर रान स्वतः करायचंय. ते रान हरणाबाईच्या नावावर. गेली सहा वर्षं शिवपुत्र नावाचा शेजारचा गडी ते बटईनं, निम्म्या वाट्यावर करतो.

हरणाबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "शिकीवलं कशाला मंग तुला? संगणकावर शेती करायची पोर तू. रान काय पाटावरचा डाव हाय?"

"डावच समज. बस खेळायला."

"बसते. एक डाव, एकच डाव मला हरवून दाखव. रान तुझं. न्हाय जमलं तर बॅग भरायची."

तेव्हापासून अकरा डाव झाले. अकराही हरणाबाईनं जिंकले. उद्या सकाळी सोनालीची गाडी आहे, आणि हा बारावा डाव. शेवटची सुगी. सोनालीच्या गोठ्यात आम्ही दोघं. पुस्तकात लिहिलंय, एका जातीची दोन जनावरं असली की सुगीला एक वासरू येतं. वासरू आलं तर सोनाली जिंकते. नाही आलं तर हरणाबाई.

म्हणजे सगळं माझ्या पोटावर आलं. आणि माझ्या पोटात आहे माती.

"खातून आज्जी, तुम्ही सांगा," सोनाली म्हणाली. "तुम्ही पंच हायत ना?"

खातूनबीनं मला उचललं. उलटं केलं. चष्मा पुसून नीट बघितलं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"बैल हाय बाई," ती म्हणाली. मग थांबली. "पर दूध बी म्याच प्यायलेय ह्येचं. आता काय बोलू? या अल्ला, हरणे, तू एक गाय तरी धड करायचीस गं!"

"माझ्या हातचं जनावर धडच हाय. ह्यो बैल हाय. बैल व्हता, बैलच ऱ्हानार."

रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली. पत्र्याचं शेड थरथरलं, जोंधळे इकडचे तिकडं झाले. कुणी सारखे केले नाहीत.

सोनालीनं मला परत गोठ्यात ठेवलं. मला वाटलं, रडणार. पण ती म्हणाली, "बरं. बैल तर बैल. वासरू नको मला. पण आज्जे, चार पाळ्या झाल्या, जोडी माझ्या दावणीला हाय आन् नुसती वैरण खायलीय. कुठल्या गावात जोडी अशी बसवून ठेवत्यात? बैल हायत तर ती नांगरतील."

तिनं आम्हाला गोठ्यातून काढलं आणि तिच्या शेवटच्या पडीक तुकड्यावर आणून ठेवलं. तो तुकडा नांगरला गेला, तर वासराशिवायही ती जिंकत होती. पण हरणाबाई तुकड्याकडं बघतच नव्हती. ती आमच्याकडं बघत होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. जोडीतल्या बैलाची बाजू ठरलेली असते. डावा तो डावा, उजव्या अंगाला जुंपला तर पाऊल टाकत नाही. हरणाबाईनं घडवतानाच माझी मान जराशी उजवीकडं कलती केली, जोडीदाराची डावीकडं. मी डावा. खेळात गाय म्हणून वेगवेगळ्या चौकटीत उभं राहताना ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. सोनालीनं आम्हाला ठेवलं, एकदा बघितलं, "उंहूं" म्हणाली, आणि अदलाबदल केली. मी डावीकडं, तो उजवीकडं. मधे जू राहील एवढी जागा सोडली.

कुणी सांगितलं नव्हतं तिला.

खातूनबीचं पान चघळायचं थांबलं. हरणाबाईनं पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग परत तोंड. मला काही उमगेना. नांगर नव्हता, वासरू नव्हतं, गुण कुणी मांडले नव्हते. मग डाव संपला कसा?

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला समजलं असेल तर मला सांगा. एक कान फुटलाय माझा, पण ऐकू येतं. मी गाय आहे की बैल, हे अजून ठरलेलं नाही. उद्या माझं दूध काढतील की मला जुंपतील, तेही ठाऊक नाही. मी फक्त डावीकडं उभा आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर उभा आहे असं वाटतंय.

सोनालीनं विचारलं, "आज्जी, कोण जिंकलं?"

हरणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "चल, त्या शिवपुत्राला सांगून येऊ, तूर निघाली की रान मोकळं कर म्हणावं, आमची सोनाली उतरतीया त्यात."