जीभ टेकू द्यायची नाही

“जीभ टाळूला टेकू द्यायची नाही, काका. ‘इ’ म्हणा आणि तसेच ‘आ’वर सरका. इ... आ... या. देखो, असं.”

मंजुषा बोलायला शिकवणारी. तोंडाचा आकार करून दाखवत होती. ह्यांचा ‘इ’ निघाला, ‘आ’ निघाला, मधला ‘य’ काही केल्या होईना. हनुवटीवर लाळ आली, ती मी पदराने पुसली.

“यांना प येतो, म येतो. मग हाच मेला का नाही?”

“काकू, प-म पक्के. ओठ मिटले की झालं. य आणि व ना स्वर, ना पूरे व्यंजन. नुसतं जवळ जाऊन परतायचं. काकांना तेच जड जातंय. दुसरा शब्द घेऊ? पानी?”

“पाणी मी न मागता देते. माझं नावच शिकवा. यशोधरा.”

हट्टच होता माझा. एकतीस वर्षांत ह्यांनी घरी मला नावाने हाक मारली नाही. सासूबाईंसमोर सोय नव्हती, त्या गेल्यावरही ‘अगं’च राहिलं. पण परदेशीपुऱ्याच्या मिलमध्ये सुताच्या कांड्यांची टोपली घेऊन मी मागांच्या साचेखात्यात शिरले की हे विणता विणता ‘यशोधरा’ म्हणायचे. नुसते ओठ हलवून. साच्यांच्या गोंगाटात सगळे तसेच बोलत, ओठ वाचून. तेवढ्यासाठी मी एक फेरी जास्त मारायची, खोटं कशाला बोलू!

मग मिलला कुलूप लागलं. घरात एवढी शांतता, म्हटलं आता तरी मोठ्याने म्हणतील. वर्षाच्या आत ह्यांना अर्धांग झालं.

मंजुषाने वही मिटली. “दोन महिने झाले, काकू. सच सांगू? हा आवाज आता यायचा नाही.”

मला रडूच फुटलं. पाठ फिरवून पिशवी भरू लागले, तर पदर ओढला गेला. ह्यांनीच, डाव्या हाताने. वळून पाहिलं. घशातून काढायची सगळी खटपट सोडून हे सावकाश ओठ हलवत होते. तोंड अर्धं वाकडं, तरी अक्षर न् अक्षर कळलं मला.

“आवाज नाही आला,” मंजुषा हळूच म्हणाली.

“नाही आला.” तो ऐकायचा ह्या जन्मी राहिलाच.

ह्यांची नजर माझ्या तोंडावर होती. मीही आवाज न काढता, ओठांनीच म्हणाले, “आले.”